जळालेलं आधण

गुऱ्हाळावर उसाचा रस आटत आला की त्याची मोठी कढई, म्हणजे काहील, कधी उतरवायची, हे ठरवतो तो गुळव्या. आमचे आबा, पिराजी, गडमुडशिंगीच्या आसपास या कामात नावाजलेले. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचे, बोटांनी गोळी वळून बघायचे आणि म्हणायचे, "उतरा." पण चाळीस वर्षं चुलवाणाचा धूर गिळून छाती कामातून गेली. पुढं माणसांची नावंही विसरायला लागले. आम्ही गडीमाणसं हसायचो. मी पोटचा पोरगा, मीही हसायचो.

दोन हंगामांमागं काहील भरात असताना आबांना खोकल्याची उबळ आली. बाहेर जाताना म्हणाले, "कृष्णात, पाक दाटला की हाक मार." मी मान हलवली आणि फोनवर बोलत बसलो. करपल्याचा वास सुटला तेव्हा सगळं आधण, काहीलभर रस, जळालं होतं. मालक राजवर्धन ओरडतच आले. माझ्या तोंडून निघून गेलं, "आबाच उतरवायचं विसरले."

आबा दारात धापा टाकत उभे होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "असंल. हल्ली ध्यानात ऱ्हात न्हाई माझ्या."

मी काहील खरवडायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून आबा घरी आणि त्यांच्या जागी गुळव्या मी. एवढा हलकटपणा माझ्यात होता.

यंदा शाहूपुरीतल्या डॉक्टर अनुजा मॅडमनी सांगितलं, की फुप्फुसाच्या अशा आजारात आठवणीवरही परिणाम होतो. कपाळाला ओले स्पंज बांधून मेंदूला अगदी सौम्य करंट द्यायचा आणि तेव्हाच चित्रं लक्षात ठेवायचे खेळ घ्यायचे, असा संशोधनाचा अभ्यास त्यांच्याकडं चालला होता. गुण येईलच याची खात्री नव्हती. सुईला घाबरणारे आबा लगेच तयार झाले. घाबरलो मी. त्यांना आठवलं तर?

रोज मी त्यांना मोटारसायकलवरून न्यायचो. दहाव्या दिवशी स्पंजांचा पट्टा बांधताना मॅडम हसून म्हणाल्या, "आजोबा, एक दिवस चुकवत नाही तुम्ही. काय आठवायचंय एवढं?"

"त्ये जळालेलं आधण," आबा म्हणाले. "म्या इसरलो कसा, त्येवढं कायबी केल्या आठवंना. रोज हितं बसून त्येच हुडकतोय."

मला ते ऐकवेना. "आबा, हुडकू नका. तुमी इसरला न्हाईसा. हाक मार म्हणून मला सांगून गेलता. मीच फोनवर हुतो."

 आबांनी पट्टा स्वतःच सोडला.

"म्हंजी डोस्कं माजं तवा ठीक हुतं," ते म्हणाले. "आन् म्या मातूर त्याच्यावर इस्वास टाकायचा सोडला."

परतताना ते माझ्या गाडीवर बसले नाहीत. चार पावलं चालायची, थांबायचं, श्वास घ्यायचा, असं करत केएमटी बसच्या थांब्याकडं निघाले. मी गाडी ढकलत त्यांच्या मागं चालत राहिलो.