माँट्रियलहून दिसणारं घर

मुन्तहाच्या रागाला सगळं कफर-झैना गाव वचकून असे. उगाच चिडणाऱ्या माणसाकडे काणाडोळा करता येतो, पण ही बाई चिडली की चौकशीअंती तिचंच बरोबर निघायचं, आणि हे लोकांना जास्त झोंबायचं. वय चौऱ्याहत्तर. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झालेली, एकुलता मुलगा राजी माँट्रियलला. गावात तिला उम्म राजी, म्हणजे राजीची आई, एवढंच म्हणत. तिला ते आवडत नसे. मला देवाने नाव दिलंय, पोरगा नंतर दिला, असं ती म्हणायची.

तरुणपणी ती टपाल कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर बसत असे. चाळीस भोकं, चाळीस वायरी, आणि गावातला प्रत्येक फोन तिच्या हातून. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाला बैरूतमध्ये दुसरं घर आहे, कुणाचा पोरगा आजारी आहे, सगळं तिच्या कानावरून गेलं. एकदा गावचा मुख्तार, म्हणजे पाटीलच, येऊन गोड बोलून विचारू लागला, की आमचे जावई रात्री कुणाला फोन लावतात? मुन्तहाने त्याची टोपी त्याच्या हातात दिली आणि दार दाखवलं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पुढे लढाईत ती कचेरी जळाली, नोकरी गेली, पण यंत्राची भीती अशी तिला कधी वाटली नाही. म्हणून कुणी म्हणालं की म्हातारीला नवीन गोष्टी कळत नाहीत, तर तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सरकारी वीज दिवसातून दोनच तास यायला लागली तेव्हा राजीने पैसे पाठवून तिच्या गच्चीवर सोलरच्या आठ पाट्या बसवून दिल्या. खाली जिन्याखाली बॅटरी आणि भिंतीवर एक पांढरी पेटी. पेटीच्या बुडाला अंगठ्याएवढी एक काडी खोचलेली. ती काडी घरातली सगळी खबर माँट्रियलला राजीच्या फोनवर पाठवते, हे तिला दोन महिन्यांनी कळलं. तेही कसं, तर राजी म्हणाला, "आई, मंगळवारी एवढी इस्त्री कुणाची केलीस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"दिसतं ना इथे. दीड तास. वर एकदम सुळका गेलाय."

"माझ्या इस्त्रीचा सुळका तुझ्या फोनवर?"

"अगं, तुझ्याच काळजीपोटी."

काळजी हा शब्द असा आहे की त्याच्यापुढे भांडता येत नाही, आणि मुन्तहाला जिथे भांडता येत नाही तिथे जास्तच राग यायचा. रोज दुपारी तीनला, तिकडे सकाळी आठला, ऑफिसला निघता निघता राजी फोन करी. आज बॅटरी सत्तर टक्के. आज धुण्याचं यंत्र अकराच्या आधी लावू नकोस. आज फ्रिज जास्त वेळ उघडा राहिला का? सात समुद्रांपलीकडे बसून, उंटावरून शेळ्या हाकणं चाललेलं. शेळी कोण, ते सांगायला नको.

डिसेंबर लागला. चार तारखेला संत बरबाराचा सण, त्या दिवशी गहू शिजवून, त्यात साखर, बडीशेप, मनुका घालून गावभर वाटतात. तो सण झाल्यावर मुन्तहाने नेहमीप्रमाणे तीन बशांत कापूस पसरला, त्यावर गहू, मसूर आणि हरभरे टाकले. नाताळपर्यंत त्यांचे हिरवे कोंब वीतभर होतात, आणि गव्हाणीच्या देखाव्यात येशूबाळाभोवती तेच शेत म्हणून मांडतात. बशा तिने दक्षिणेच्या खिडकीत ठेवल्या. खिडकीबाहेर लोकाटाचं झाड होतं.

हे झाड कुणी लावलेलं नव्हतं. कचेरी जळाली त्या वर्षी पायरीवर बसून तिने लोकाटं खाल्ली होती, रागारागाने बिया थुंकल्या होत्या, त्यातली एक अंगणातल्या पाण्याच्या टाक्याच्या कडेला रुजली. अंजीर, तुती, बदाम सगळे उघडेबोडके होऊन झोपतात तेव्हा हे झाड हिरवंगार उभं राहून फुलतं. ऐन थंडीत, नाताळाच्या तोंडावर. फुलं दिसायला काही नाहीत, मळकट पांढरी, पण वास असा की शेजारच्या इव्हॉनच्या मधमाश्या दुपारी ऊन पडलं की दुसरीकडे कुठे जातच नसत. त्या दिवसांत त्यांना दुसरं खायलाही नसायचं. सगळ्यांच्या उलट वागणारं झाड म्हणून मुन्तहाचा त्याच्यावर जीव होता.

आणि त्याच झाडाची सावली डिसेंबरात, सूर्य खाली उतरला की, दुपारी एक ते तीन तीन पाट्यांवर पडायची.

"आई, ते झाड काढावं लागेल," राजी म्हणाला.

"कोणाला लागेल?"

"यंदा आम्ही येतोय. सहा वर्षांनी. मुलांना तिथली थंडी सोसायची नाही, दोन हीटर लागतील. सोलरवाल्या हन्नाशी बोललोय मी, तो करवत घेऊन येईल."

"माँट्रियलमध्ये बर्फात राहणाऱ्या पोरांना इथे थंडी सोसायची नाही?"

"तिथे घर गरम असतं, आई. तुला नाही कळायचं."

"पाट्या तिकडे टाक्याच्या पलीकडे सरकव. तिथे ऊन आहे."

"त्याला किती वायर लागेल, माहितीये? झाडच आहे ते. दुसरं लावू."

मुन्तहाने फोन आपटला. नातवंडं यावीत यासाठी तिचा जीव तुटत होता. धाकटीला तर तिने फक्त फोनच्या काचेवर पाहिलेलं. पण झाडच आहे ते, हे शब्द तिला दोन दिवस गिळता आले नाहीत. झाडाला हात लावलास तर मी तुला घ्यायला विमानतळावर येणार नाही, असं तिने त्याला दुसऱ्या दिवशी बजावलं. राजी हसला. हसला म्हणजे ऐकलं असेल, असं तिला वाटलं.

पंधरा तारखेपासून चर्चमध्ये नाताळाआधीच्या नऊ दिवसांची प्रार्थना सुरू झाली, रोज चार वाजता. पहिल्या दिवशी मुन्तहा इव्हॉनबरोबर गेली, नंतर तिच्याकडे कॉफी प्यायली, सहाला घरी आली. दुसऱ्या दिवशी तीनला फोन.

"आई, काल साडेतीन ते सहा कुठे होतीस?"

"का?"

"नुसता फ्रिज चालू होता. दिवा नाही, काही नाही. मी घाबरलो. पडलीस-बिडलीस की काय."

मुन्तहाला पन्नास वर्षांपूर्वीचा मुख्तार आठवला, फरक इतकाच की या मुख्ताराला तिने नऊ महिने पोटात वाढवलं होतं. चर्चला जायचं तरी आता पोराकडे हजेरी लावायची? सांगून जायला ती काय शाळकरी मुलगी होती? तिने ठरवलं, बघतेच. यंत्राला कसं फसवायचं ते तिला शिकवायला नको होतं. त्या दिवशी साडेतीनला निघताना तिने हीटर पूर्ण लावला, दार ओढून घेतलं आणि चर्चला गेली. परत आली तेव्हा खोली भट्टीसारखी तापलेली आणि बशांतल्या गव्हाची टोकं पिवळी पडलेली. बशा तिने थंड खोलीत हलवल्या. दुसऱ्या दिवशी राजी खुशीत.

"काल बरं केलंस, ऊब घेत बसलीस ते."

"हो तर," मुन्तहा म्हणाली. "पाय शेकत होते." आणि फोन ठेवून एकटीच हसली. त्या महिन्यात ती हसलेली ही एकच वेळ.

मग रोजच तसं. ती तिकडे गुडघे टेकून बसायची आणि इकडे रिकाम्या घरात हीटर धगधगायचा. इव्हॉन म्हणाली, "अगं, माझ्याकडे एक बल्ब लावायला वीज नाही, आणि तू भिंतींना शेकतेयस?"

"पोराला शेकतेय," मुन्तहा म्हणाली.

सातच्या सुमारास बॅटरी संपायची आणि ती मेणबत्ती लावून जेवायची. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. पण तिकडे राजी रोज बघत होता, की आई दोन तास शेकते तेवढ्यात बॅटरी तळाला जाते. एका हीटरला ही कथा, तर मुलं आल्यावर काय? दुपारी बॅटरी भरतच नाही, म्हणजे सावली, म्हणजे झाड. त्याने हिशेब बरोबर केला. त्याला दिलेली माहितीच खोटी होती.

बावीस तारखेला ती सहा वाजता घरी आली. अंधार पडला होता. फाटकाशी हन्नाची गाडी उभी होती आणि गाडीच्या दिव्यांच्या उजेडात हन्ना फांद्या ओढून ढीग करत होता. झाड टाक्यावर आडवं पडलेलं. फुलांचा वास रस्त्यापर्यंत आलेला.

हन्ना खालच्या गावचा, सोलरची कामं करणारा, तसा भला माणूस. तिला रस्त्यावरून येताना बघून त्याच्या हातातली फांदी गळाली.

"मावशी, तुम्ही बाहेर होता?"

"मग काय आत मेले होते?"

"मी तीनदा दार वाजवलं. हाका मारल्या. खिडकीतून हीटर पेटलेला दिसत होता. मी राजीला फोन केला, म्हटलं मावशी घरात दिसत नाहीत, उद्या येतो. तर तो म्हणाला, ती आतच आहे, माझ्या फोनवर दिसतंय, रुसलीय म्हणून दार उघडत नाही." हन्नाने घाम पुसला. "म्हणाला, आईला नको असतं तर ती बाहेर येऊन तुझ्या अंगावर धावली असती. गप्प आहे म्हणजे मनातून तिला पटलंय. काप. मी तरी करवत सुरू करायच्या आधी ओरडलो, मावशी, नको असेल तर आत्ता सांगा. शपथेवर."

"आणि मी सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

"जा," मुन्तहा म्हणाली. "फांद्या राहू देत. जा तू."

करायला गेलो काय नि वरती झाले पाय. ती आत आली. हीटर अजून लाल होता. तिने तो लाथेने पाडला, मग उचलला, बंद केला आणि त्या गरम खोलीत कोट न काढता बसून राहिली. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा आणि वर आपण किती हुशार म्हणून हसावं. तिला स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटली. पण राग तेवढ्यावर थांबेना. दारात उभा असलेला जिवंत माणूस सांगतोय की आई घरात नाही, आणि हा हातातल्या काचेला विचारतोय! हन्नाने दार वाजवलं, याने तेवढंही केलं नाही. तिला एक फोन लावायचा, एवढं साधं काम.

दुसऱ्या दिवशी छान ऊन पडलं. दुपारी मुन्तहा टाक्यापाशी गेली तर आडव्या पडलेल्या फांद्यांवर मधमाश्या आल्या होत्या. फुलं अजून ताजी होती. इव्हॉन कुंपणापलीकडे उभी राहून बघत होती.

"परवापर्यंत फुलं सुकतील," ती म्हणाली. "मग माश्यांना साखरेचं पाणी ठेवावं लागेल मला."

"माझ्याकडची साखर घेऊन जा," मुन्तहा म्हणाली, आणि आत येऊन तिने पांढऱ्या पेटीच्या बुडाची काडी उपटली.

पाच मिनिटांत फोन वाजायला लागला. तिकडे अजून उजाडलंही नसेल. तिने वाजू दिला. पुन्हा वाजला. चौथ्या वेळी उचलला.

"आई! काय झालं? सगळं बंद दाखवतंय. तू ठीक आहेस ना? हन्नाला पाठवू का?"

"काडी मी काढली."

"का? आज पहिल्यांदा तर बॅटरी दुपारी भरत होती. बघ, मी म्हणत होतो ना, झाडामुळेच—"

"झाडामुळे नव्हतं. हीटर मी लावून जात होते. सात दिवस. मी चर्चमध्ये, हीटर घरात. तुला वाटावं की मी घरातच आहे, म्हणून. काल हन्ना ओरडत होता तेव्हा घरात कुत्रंसुद्धा नव्हतं."

"मला सांगायचंस ना, आई."

"काय सांगायचं? की मी देवाच्या दारात चाललेय, दोन तास माझ्यावर नजर ठेवू नकोस? हे सांगावं लागतं? हन्ना दारात उभा राहून सांगत होता तुला. गेले आठ महिने रोज तीन वाजता फोन करतोस. बॅटरी किती आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी किती आहे ते एकदा तरी विचारलंस?"

"मला वाटलं... ते दिसतच होतं."

"दिसत होता तो फ्रिज."

त्याने नाक ओढल्याचा आवाज आला. तो पन्नाशीला आलेला माणूस होता, पण मुन्तहाला दया आली नाही, येऊ द्यायचीही नव्हती.

"मुलांना घेऊन ये," ती म्हणाली. "खुंट दाखवीन त्यांना. कुणी तोडलं विचारतील. दोन नावं सांगेन, तुझं आणि माझं. आणि ती काडी तू आल्यावर परत खोचलीस, तर त्याच पावली उलट जायचं. या घरात मी राहते."

"नाही खोचणार."

बाहेर इव्हॉन कुणालातरी हाक मारत होती. मग राजीने, जरा अडखळत, विचारलं, "आई, कशी आहेस?"

"वाईट आहे," मुन्तहा म्हणाली, आणि सांगायला बरंच होतं म्हणून तिने खुर्ची ओढली.