आमच्या वहिनीची पलटण

पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत जेवढी म्हणून दोन पायांची माणसं आहेत, त्या सगळ्यांना पळायला लावण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, अशी माझ्या चुलत वहिनीची पक्की समजूत आहे. तिच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार. एक पळणारे आणि दुसरे अजून झोपेतून उठायचे असलेले. मी दुसऱ्या प्रकारातला. पांढुर्ण्याला माझं कापडाचं दुकान आहे. दिवसभर गादीवर बसून कापड मोजायचं, एवढाच माझा मीटरशी संबंध. पण माझा चुलत भाऊ, म्हणजे दादा, फौजेत हवालदार, त्याचं घर आमच्या घराला लागून, आणि आसपास राहणारा तिचा दीर म्हणजे मी एकटाच. त्यामुळे वहिनीच्या पलटणीत माझी भरती मला न विचारताच झाली.

या पलटणीची सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. दादाची बदली बर्फातल्या सीमेवर झाली. तिथं बायकापोरांना नेता येत नाही आणि फोन लागला तर लागतो. दादा गेल्यावर ते घर फोनभोवती बसून राहू लागलं. वहिनी, तिची शाळेत जाणारी मुलगी आणि मोठेबाबा, म्हणजे दादाचे वडील, असे तिघं मधोमध फोन ठेवून जेवत. मुलगी अर्ध्या ताटावरून उठे. मोठेबाबा संत्र्याच्या बगीच्यात जाईनासे झाले. मग एके दिवशी सकाळी वहिनी आमच्या ओट्यावर येऊन उभी राहिली. अंगात दादाचा जुना फौजी टी-शर्ट, पायात त्याचेच बूट आणि ते सैल होतात म्हणून पुढे घरचा कापूस कोंबलेला.

"भाऊजी, रविवारी सौंसरले दौड आहे. आपण जाऊन राहिलो."

"आपण म्हणजे कोण?"

"सगळेच. घरात बसून फोनचं थोबाड पाहून राहिलो आम्ही. थो वाजन तवा वाजन. तुमचे भाऊ तिकडं बर्फात उभे, अन् आपण इथं बसून. बरं दिसते काय?"

बरं दिसत नव्हतं, हे खरं. पण त्या रविवारी मी जसा पळालो, तेही काही बरं दिसत नव्हतं. वहिनी सगळ्यांच्या शेवटी आली. तिच्या मागं दवाखान्याची गाडी हळूहळू येत होती. शेवटच्या माणसाच्या मागं ती असतेच, पण वहिनीला कोण सांगणार! घरी येऊन तिनं साऱ्या गल्लीला सांगितलं, "बाकीच्याइले काहीच नव्हतं. माह्यासाठी गाडी ठेवली होती!"

तेव्हापासून जी सुरुवात झाली, ती थांबेचना. लोधीखेड्याला दौड असो, मोहगावला असो, नागपूरला असो, वहिनी सगळ्यांना घेऊन हजर. तिची भाषाच बदलली. बोरगाव किती लांब आहे, असं कोणी विचारलं तर ती म्हणे, "फार नाई, एका घामावर आहे." बाजारात वांगी निवडताना ती जागच्या जागी पळत राही, आणि तिच्याकडे पाहून पाहून भाजीवाल्या बाईची मान वरखाली व्हायला लागे. दादाकडून उचललेली फौजी हिंदी ती घरात बिनदिक्कत वापरी. मोठेबाबांना चहा देताना "सावधान" आणि पिऊन झाला की "विश्राम". मुलीच्या शाळेत पालकांची सभा होती, तिथंही ती पळतच गेली आणि धापा टाकत बाईंना म्हणाली, "अभ्यासाचं मग सांगा, तुमच्या शाळेत पळायले मैदान काऊन नाई?"

मोठेबाबांना तिनं कसं वळवलं, ते तर ऐकण्यासारखं आहे. मोठेबाबा तरुणपणी बैलांच्या पटाचे शौकीन. पट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. वहिनी त्यांना म्हणाली, "मामाजी, तुमची जोडी धावे तवा तुम्ही बाजूनं धावत होते का नाई? आता बैल नाई, एवढाच फरक." मोठेबाबांना ते पटलं. धोतर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून ते म्हाताऱ्यांच्या गटात उतरले, आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःलाच ओरडून हाकू लागले, "हो राजा, हो! चाल माह्या वाघा!" पुढचे दोन म्हातारे बैल आले समजून रस्त्याच्या कडेला झाले आणि मोठेबाबा पहिले आले.

दादाला फोनवर हे सगळं कळे. ज्या दिवशी आमची दौड, त्या दिवशी तोही चौकीभोवती बर्फात चकरा मारी. मग दोघं नवराबायको कोण किती पळालं यावर भांडत. प्रेमाच्या गोष्टी करणारी जोडपी पुष्कळ पाहिली, पण पोटऱ्या किती दुखतात हे इतक्या लाडानं सांगणारं जोडपं मी तेवढंच पाहिलं.

हिवाळ्यात मोहगावकडच्या टेकड्यांवर मोठी दौड ठरली. त्यात घरच्यांचा वेगळा गट होता. एका घरची चार माणसं, चौघांनी शेवटची रेघ एकत्रच ओलांडायची. दादाच्या जागी मी. वहिनीनं महिनाभर आमची अशी तयारी करून घेतली की दुकानात गिऱ्हाईक आलं की मी आपोआप उभा राहू लागलो. आणि नेमका दौडीच्या आधी दादाचा फोन बंद झाला. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा होत आला. टीव्हीवर तिकडच्या बर्फवादळाच्या बातम्या चालू. आदल्या दिवशी मोठेबाबा हळूच म्हणाले, "सूनबाई, उद्या राहू दे."

"राहू दिलं तं फोन येईन काय?" वहिनी म्हणाली. समोर तव्यावर भाकर जळत होती आणि तिला त्याचा वास येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पळालो. हजारो संत्री लटकलेल्या बगीच्यांमधून वाट, थंडगार हवा, ढोलताशा, दोन्ही बाजूंना ओरडणारी माणसं! मला तर पहिल्या टप्प्यात असं वाटलं की आपण जन्मभर उगीच गादीवर बसलो. मग नाला आला, गुडघाभर पाण्याचा, आणि मुलगी मधल्या एका दगडावर बसून रडायला लागली.

"मले नाई पळायचं. इथं रेंजच नाई. बाबाचा फोन आला अन् लागला नाई तं?"

एकेक घर आम्हाला ओलांडून पुढे चाललं. आता वहिनी 'सावधान' म्हणून ओरडणार, असं मला वाटलं. पण ती लेकीजवळ सरळ पाण्यातच बसली.

"मलेही भेव लागून राहिलं," ती म्हणाली.

"तुले?"

"तं काय मी दगडाची आहो? रोज लागते. पळून राहिली का थोडं कमी होते, म्हणून पळतो."

मुलगी आईकडे पाहतच राहिली. मोठेबाबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि एकदम गरजले, "अवो, टेकडीवर रेंज असन ना! चाला!"

बस्स! चौघं असे सुटलो, की काय सांगू! तोवर आम्ही बक्षिसासाठी पळत होतो, आता रेंजसाठी. मोठेबाबा मला हाकत होते, मी मुलीचा हात धरला होता, वहिनी हरणासारखी पुढे. चढावर दम खात बसलेली घरंच्या घरं आम्ही मागं टाकली. माथ्यावर पोचलो. वहिनीनं कमरेच्या प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढला. रेंज होती. फोनकडे बराच वेळ पाहून ती म्हणाली, "नाई आला." तेवढंच. मग पिशवीचं तोंड नीट बांधलं. "उतार आहे. उतारावर तं कोणीही पळते. चाला."

चौघांनी हात धरून रेघ ओलांडली. आमचा तिसरा नंबर आला आणि बक्षिसाची ढाल मिळाली. मोठेबाबा ती ढाल कोणाच्या हाती देईनात.

सौंसरच्या बसस्टँडवर आम्ही समोसे खात असताना फोन वाजला. दादाच होता. वादळात सगळं बंद पडलं होतं, तो धडधाकट होता. वहिनीनं फोन कानाला लावला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "आम्ही तिसरे आलो. तुम्ही काय करून राहिले होते?" तिकडून आवाज आला, "बर्फ उपसून राहिलो होतो वं." तिनं फोन मुलीच्या हातात दिला आणि उभ्या बसच्या मागं निघून गेली. बऱ्याच वेळानं परत आली ती तोंड धुऊन. आम्ही सगळे बघत होतो. "पाहून काय राहिले?" ती खेकसली. "समोसे थंडे होऊन राहिले!"

यंदा दादाची बदली झाली, सहकुटुंब राहता येईल अशा छावणीत. वहिनी आणि मुलगी त्याच्याकडे निघाल्या. मोठेबाबा आणि मी पांढुर्ण्याच्या स्टेशनावर पोचवायला गेलो. वहिनी दारात उभी राहून सूचना देत होती, बगीच्याच्या, माझ्या पोटाच्या, मोठेबाबांच्या गुडघ्याच्या. गाडी हलली. मोठेबाबा तिच्या बरोबरीनं चालू लागले, मग भराभर चालू लागले, मग धोतर सावरत चक्क पळू लागले. मुलगी हात हलवत होती.

"मामाजी," वहिनी ओरडली, "थांबा आता. पुरे."

कोणाला थांबायला सांगताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. मोठेबाबा प्लॅटफॉर्मच्या टोकाशी थांबले. गाडी बैतूलच्या दिशेनं वळेपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो. मग बाहेर आलो आणि घरापर्यंत चालत गेलो, अगदी सावकाश. घाई कसलीच नव्हती.