झाकण उघडून पाहणारे दाजी

कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, असं व्रत घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा निघाला. दाजी कामथडीचे. एसटीवर ठळक ‘भोर’ अशी पाटी असली तरी ते कंडक्टरला विचारत, मग ड्रायव्हरला. बहिणीने बरणीवर ‘मीठ’ अशी चिठ्ठी चिकटवली, तरी चाखल्याशिवाय घेत नसत. “चिठ्ठीला काय कळतंय?” म्हणायचे.

सत्तरच्या दशकात पुण्यातल्या एका संगणक केंद्रात त्यांना नोकरी लागली, आणि या खोडीचा पगार सुरू झाला. तिथलं कपाटाएवढं यंत्र चुंबकीय फितींवरून माहिती वाचायचं. पुढे मजकूर किती आहे हे फितीच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असे, आणि यंत्राचा कारभार सांभाळणारा प्रोग्राम ते मुकाट खरं मानून यंत्राच्या स्मृतीत तेवढीच जागा मोकळी करी. एकदा एका बिघडलेल्या फितीवर आकडा लहान आणि मजकूर भलामोठा निघाला. जास्तीचा मजकूर शेजारी कारभाराच्या सूचनांवर जाऊन बसला, आणि यंत्र त्यालाच हुकूम समजून वागू लागलं. सगळे फितीला शिव्या देत होते. “फितीचा काय दोष? न मोजता आत घेतलंच कशाला?” म्हणत दाजींनी प्रोग्राममध्येच तपासणी घातली. यंत्र जरा मंदावलं म्हणून साहेब कुरकुरले. दाजींनी तिकडे लक्षच दिलं नाही.

वडील गेल्यापासून आई शिवऱ्याला एकटी राहायची. कशी आहेस विचारलं की म्हणायची, “मला काय धाड भरलीया! दोन येळ जेवती, निजती.” आम्हाला ते पटायचं. एका रविवारी आम्ही सगळे गेलो. जावयाने ओसरीवर बसून चहाची वाट पाहायची, सासूच्या चुलीकडे फिरकायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. दाजी उठले ते थेट आत. आई पदर सावरत मागे धावली, “अवो जावईबापू, हितं कुठं?” त्यांनी भाकरीच्या दुरडीवरचं फडकं उचललं. दुरडी रिकामी. पिठाच्या डब्याचं झाकण काढलं, तर पिठाला जाळी धरलेली.

“आत्या,” ते हळूच म्हणाले, “कवापासून जेवला न्हाई तुमी?”

आई रडायलाच लागली. घास गिळवत नव्हता, आणि पोरांच्या जिवाला घोर नको म्हणून ती बोलली नव्हती. त्याच दिवशी तिला पुण्याला आणलं. उपचार झाले, आणि पुढे काही वर्षं ती बहिणीकडे राहिली. दाजी रोज तिचं ताट बघत. ती चिडे, आणि मुद्दाम बोटाने पुसून ताट त्यांच्यापुढे धरी.

ती गेली तेव्हा डॉक्टरांनी नाडी पाहून मान हलवली. “थांबा, म्या बघतो,” म्हणून दाजी तिचं मनगट हातात घेऊन बसले. बाहेर माणसं जमली, तयारी झाली, तरी ते उठेनात. त्यांना ‘उठा’ म्हणायला कुणाची जीभ रेटेना. मला त्या माणसाची फार माया आली. शेवटी बहीणच त्यांच्याशेजारी जाऊन बसली.