एक ओरखडा दाखवा

सकाळी गाडीची काच पुसून झाली की शेजारचे भाऊ बोनेटवर थाप मारायचे आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही म्हणायचे, "एक ओरखडा दाखवा, गाडी तुमची." कोणी थांबत नसे. हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीला त्यांची गाडी पाठ होती.

आयुष्यभर त्यांनी सरकारी जीप चालवली. निवृत्त झाल्यावर जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली, ती बायकोसाठी. तिच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. ते इतकी हळू चालवत की मी एकदा मागे बसून म्हटलं, "भाऊ, उतरून पायी जाऊ का?"

"जा नं वहिनी. पण हिले उचलून न्या."

क्लेम न घेतल्याबद्दल त्यांना विम्यात सूट मिळे. त्या सवलतीला ते बोनस म्हणत. दर वर्षी वाढलेला आकडा ते मला विम्याच्या कागदावर आणून दाखवत. मी चौथी शिकलेली, पण पुढाऱ्याच्या गळ्यातला हार आणि हा कागद यांत भाऊंना कोणता मोठा वाटतो, एवढं मला समजत होतं.

एका वादळात माझ्या कडुनिंबाची फांदी पडून त्यांची समोरची काच फुटली. मी पैसे देते म्हटलं. "राहू द्या." झाड तोडते म्हटलं. "राहू द्या वहिनी. सावलीत गाडी तापत नाही, हिले बसता येते."

गॅरेजवाल्याने नवी काच बसवली. "पैशाचं टेन्शन नका घेऊ काका, इथं सही मारा." भाऊंनी मारली. पोरगा भला आहे, असं वाटून नरखेडच्या मेहुण्याकडून संत्र्यांची पेटी मागवून त्याला दिली. त्याने काचेचं बिल विमा कंपनीकडून वसूल केलं होतं. हे ना भाऊंना कळलं, ना मला.

पुढच्याच महिन्यात विमा संपत होता. दुसऱ्या कंपनीचा फोन आला. पैसे कमी, बोनस तसाच. फोनवरच्या मुलीने विचारलं, "सर, यावर्षी काही क्लेम घेतला होता का?" मी तिथेच तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. भाऊ ताठ झाले. "बाई, एक ओरखडा दाखव, गाडी तुझी."

मीही हसले. विमा त्या कंपनीकडे गेला.

चार महिन्यांनी सिग्नलला उभे असताना मागून ट्रकने ठोकलं आणि ट्रक पळाला. दोघं नवराबायको वाचले. गाडी मागून चेपली, चालेना. दुरुस्ती पेन्शनमध्ये बसणारी नव्हती. नव्या कंपनीने जुन्या कंपनीकडे चौकशी केली आणि क्लेम नामंजूर केला. कारण लिहिलं, खोटी माहिती देऊन बोनस घेतला.

मी त्यांच्यासोबत ऑफिसात गेले. तिथल्या मुलीने जुन्या क्लेमचा कागद पुढे केला. "आजी, सिस्टीममध्ये हेच दिसतंय."

"तुह्या सिस्टीमनं भाऊले गाडी चालवताना पाहिलं का वं?"

"राहू द्या वहिनी," भाऊ म्हणाले. ते कागदाकडे पाहत होते. "सही माहीच हाय."

बोनसचा फरक भरून देतो, असा अर्ज त्यांनी केला. उत्तर बदललं नाही. जिना उतरताना म्हणाले, "मी त्याले संत्र्याची पेटी देऊन आलो होतो."

मग ऑटो. खड्ड्यांमुळे ऑटोवाले गल्लीत येत नसत. भाऊ बायकोला धरून गल्लीच्या तोंडापर्यंत नेत. कधी ऑटोच मिळत नसे आणि डायलिसिस चुके. वर्षाच्या आत ती गेली. ऑटोपायी गेली असं मी म्हणणार नाही. किडनीनेच गेली. पण चुकलेल्या खेपा मला माहीत आहेत.

भाऊ तरी रोज काच पुसत राहिले. थाप मारत, बोलत काही नसत. मी म्हटलं, "काहून पुसता आता?"

"काच नवी हाय नं."

यंदा तेही गेले. गाडी माझ्या झाडाखाली तशीच उभी आहे, मागची बाजू भिंतीला लावून. काचेवर पानं साचतात. मी पुसत नाही. तुम्ही कधी आमच्या गल्लीत आलात तर तुम्हाला ती समोरूनच दिसेल. बघा, एक ओरखडा नाही.