झुरिक ते इन्सब्रुक, दोऱ्याने मोजलेलं
बेसमेंट आवरताना जुन्या ॲटलसमधून शिवणाचा पांढरा दोरा खाली पडला, दोन गाठी मारलेला, आणि कॅनडात, एडमंटनमधला काही वर्षांपूर्वीचा तो डिसेंबर आठवला. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले माझे बाबा तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. नाताळच्या सुट्टीत युरोपचा बेत आहे हे कानावर पडताच त्यांनी डायनिंग टेबलावर ॲटलस उघडला, झुरिकपासून इन्सब्रुकपर्यंत दोरा रेल्वेच्या वळणावळणांनी बसवला, गाठी मारल्या आणि पट्टीवर मोजला. "विमान तासाभराचं," ते म्हणाले, "पण आधी दोन तास विमानतळावर बसायचं. त्यापेक्षा ट्रेन बरी. साडेतीन तास डोंगर बघत जाऊ. खिडकी मला द्याल ना रे?" बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी फोनमधून डोकं वर न काढता म्हणालो, "बाबा, तिकिटं दोनच काढलीत. तुम्हीपण आलात तर इथला बर्फ कोण शोव्हल करणार?" वर हसलोही. "हो, तेही खरंच," म्हणत त्यांनी ॲटलस मिटला आणि फावडं कुठे ठेवलंय ते विचारलं. आम्ही ट्रेननंच गेलो. मी सगळी वाट झोपून काढली. परतलो तेव्हा घरापुढचा ड्राइव्हवे बर्फ काढून लख्ख केलेला होता आणि बाबा दारातच विचारत होते, डोंगर कसे होते. "ठीक होते," मी म्हणालो. आज दोरा परत ठेवायला ते पान शोधलं, तर समासात पेन्सिलीनं त्यांचं अक्षर होतं: तळी डाव्या हाताला. तिघांनी डावीकडे बसणे.