दुसऱ्या जेम्सनंतर कोण?

आमचं वॉशिंग मशीन पळून गेलं. मी थापा मारत नाही. कपडे पिळताना ते थरथरत पुढे सरकायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते थेट न्हाणीघराच्या दारापर्यंत गेलं, पाण्याची नळी तोडली, वायर उपटली आणि उंबऱ्यावर तोंडघशी पडलं. मेकॅनिकने हात टेकले, बाबा डोक्याला हात लावून बसले. आणि ज्या बाईच्या कमाईतून ते आलं होतं, ती माझी आत्या टाळी वाजवून म्हणाली, "बघ, शेवटी दुसरा जेम्सच तो. गादी सोडून पळाला."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. ती पडदे शिवते. पुढच्या खोलीत तिचं कापड बेतायचं लांबलचक टेबल आहे, त्याच्याखाली तागे आणि पितळी कड्यांचा डबा. टेबलाचा एक पाय तोकडा. त्याखाली घालायला तिने एकदा रद्दीच्या दुकानातून इंग्लंडच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक आणलं आणि घालण्याआधी सहज उघडून बघितलं. टेबल अजून लंगडतंय, आणि आत्या त्या राजाराण्यांमधून बाहेर आलेली नाही.

तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूचा राज्याभिषेक होतो. वस्तू टेबलावर ठेवायची, डोक्यावर पडद्याची कडी ठेवायची आणि आत्याने नाव पुकारायचं. नावं इतिहासाच्या क्रमानेच, मधला राजा गाळायचा नाही. गंमत अशी की नाव आधी पडतं आणि गुण मागाहून दिसतात. आठवा हेन्री म्हणजे आमची इस्त्री, त्या राजाने सहा बायका केल्या, तिने एकामागून एक सहा प्लग खाल्ले. पहिली एलिझाबेथ म्हणजे आत्याचं शिलाई मशीन, ते त्या बिनलग्नाच्या राणीसारखं कुणालाच हात लावू देत नाही. आणि पहिला चार्ल्स हा टेबलफॅन होता. ऐन उन्हाळ्यात, आम्ही सगळे समोर बसलेले असताना, त्याचं डोकं उडालं, थेट त्या राजासारखं.

चार्ल्स गेला त्याच आठवड्यात दाराचं कुलूप बिघडलं. मी आत्याबरोबर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. आत्या काउंटरपाशी स्वतःशीच पुटपुटली, "आता राजा नाही. चार्ल्सनंतर संरक्षक आला, आपणही संरक्षकच आणायचा."

दुकानदार खिळे तोलत होता. त्याचे हात थांबले. त्याने खालच्या फळीवरून एक बोजड, बुटकं कुलूप काढलं, त्यावर रंगाचे फोड आलेले, आणि आत्यापुढे ठेवून गंभीरपणे म्हणाला, "हा घ्या क्रॉमवेल. चामखिळीसकट."

माझं चित्र चामखिळीसकट काढा, असं त्या संरक्षक क्रॉमवेलने चित्रकाराला बजावलं होतं म्हणे. आत्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. इतकी वर्षं ती भिंतींशी बोलत होती आणि आज भिंतीने उत्तर दिलं होतं.

त्यानंतर आमच्या घरात हुक, स्क्रू, बिजागऱ्या यांचा पूर आला. हुकांना राज्याभिषेक नसतो, ते प्रजाजन, त्यामुळे कितीही आणता येत. आत्या दुकानात गेली की तासभर यायची नाही. दुकानदारकाका विधुर होते, मुलगी लांबच्या शहरात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तेही हेच वाचत बसायचे. दोघं वादही घालायचे, आणि वाद घालून आलेली आत्या गाणं गुणगुणत कापड बेतायची. मी एक गोष्ट हेरून ठेवली होती. काका दुकानात येणाऱ्या झाडून सगळ्या बायकांना 'ताई' म्हणायचे. आत्याला कधीच नाही.

तर मशीन पळालं, आणि घोडं तिथेच अडलं. दुसऱ्या जेम्सनंतर गादीवर आले विल्यम आणि मेरी, नवराबायको, दोघं एकदम. एका मशीनवर दोघांना कसं बसवणार? आत्या अडून बसली. जोडी मिळेपर्यंत नवी खरेदी बंद. पडद्याचं कापड शिवण्याआधी धुऊन घ्यावं लागतं, नाहीतर मागाहून आटतं. म्हणजे गादी रिकामी आणि धुणं माझ्या गळ्यात. ताग्यामागून तागे एका टोकाला आत्या, दुसऱ्या टोकाला मी असे आम्ही पिळत होतो आणि मी त्या विल्यमच्या नावाने बोटं मोडत होते.

अशात एका सकाळी बाबांनी बातमी आणली. "हार्डवेअरवाल्याने पाटी लावलीय, दुकान विकणे आहे. मुलीकडे चाललाय म्हणे."

आत्याची कात्री थांबली. थोड्या वेळाने तिने पट्टी उचलली आणि तेच माप परत घेतलं, मग परत एकदा. मी म्हटलं, "आत्या, तू जाऊन बोल ना."

"काय बोलू? या वयात?"

"तुला जे बोलता येतं ते बोल."

मग तिने कड्यांच्या डब्यात हात घातला, काहीतरी मुठीत घेतलं आणि चप्पल घालून निघाली. मी मागोमाग धावले. मला राहवतंय थोडंच?

दुकानात आत्याने मूठ काउंटरवर उघडली. दोन पितळी कड्या. काकांनी चष्मा सावरला. "अशा किती देऊ?"

मी कपाळावर हात मारला.

"द्यायच्या नाहीत," आत्या म्हणाली. तिची नजर सरळ होती. "मेरीला एकटीलाच राज्य देऊ करत होते. ती नको म्हणाली. जोडीने बसेन म्हणाली, नाहीतर नाही."

काकांनी कड्यांकडे पाहिलं, मग आत्याकडे. कानापर्यंत लाल झाले. माझं काळीज इतकं धडधडत होतं की बहुतेक शेजारच्या दुकानातही ऐकू गेलं असेल. मग ते म्हणाले, "विल्यमचीही अट होती. बायकोच्या पदराला बांधून घेणार नाही म्हणाला होता."

"मान्य. पडदे मी शिवेन, रॉड तुम्ही ठोका."

त्यांनी एक कडी उचलून शर्टाच्या खिशात टाकली, बाहेर जाऊन पाटी काढली आणि ती कुठे ठेवावी ते न कळून माझ्या हातात दिली. "मुलीला फोन करतो," म्हणाले, "तीच इकडे येईल चार दिवस." मी तिथेच भर दुकानात रडले. एक बाई बिजागरी घ्यायला आली होती, ती घाबरून निघून गेली.

संध्याकाळी काका बाबांना भेटायला आले तेव्हा आत्या आणि मी ओलं कापड पिळत होतो. काकांनी बाह्या दुमडल्या आणि माझ्या हातातलं टोक घेतलं. आत्याने तिकडून पीळ दिला, त्यांनी इकडून. पाणी बादलीत पडत राहिलं. बाबा बघत उभे राहिले आणि मग हळूच चहा टाकायला आत गेले.

"झालं," मी ठणकावून सांगितलं, "विल्यम आणि मेरी गादीवर आले. आता पुढे कोण?"

"अ‍ॅन," दोघं एकदम म्हणाले.

"मग उद्याच मशीन आणायचं," मी म्हटलं.

आत्या हसली. "आणू की. पण एवढं कापड होऊ दे," ती म्हणाली आणि आपलं टोक घट्ट धरून ठेवलं.