नऊ वाजताचा श्वास

आमच्या अतिदक्षता विभागात फुफ्फुसांच्या डॉक्टर होत्या, त्यांना पाठीमागे सगळे ‘मोजणीखातं’ म्हणायचे. नाव मीच पाडलं होतं, कबूल करते. इन्चार्ज सिस्टर म्हणून सत्तावीस वर्षं काढली मी तिथं, आणि माझ्या तोंडाला लगाम घालणारा कोणी भेटला नाही.

बाई रुजू झाल्या तेव्हा चार खाटा, दोन व्हेंटिलेटर आणि एक डुगडुगणारं लाकडी स्टूल एवढाच आमचा संसार. “डोळ्यांची डॉक्टर हो, सुखानं झोपशील,” असं वडिलांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं म्हणे. यांनी ऐकलं नाही. रोज दोन-तीनदा प्रत्येक पेशंटजवळ ते स्टूल ओढायचं, छातीवर हात ठेवायचा, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा. शेजारी मॉनिटर तोच आकडा दाखवत असायचा, तरी! मला वाटे, काय हा रिकामटेकडेपणा.

मग न्यूमोनियाचा तो सुतार आला. पंधराव्या दिवशी ताप गेला होता, छातीचा फोटो बरा होता, पण घशातली व्हेंटिलेटरची नळी काही निघेना. तीनदा मशीनचा जोर कमी करून त्याला स्वतः श्वास घ्यायला लावलं. तिन्ही वेळा दहा मिनिटांत तो घामाघूम झाला आणि परीक्षा थांबवावी लागली.

“उद्या गळ्याला भोक पाडू आणि लांबच्या मुक्कामाच्या वॉर्डात हलवू,” मोठे डॉक्टर म्हणाले. त्या वॉर्डातून घरी गेलेले पेशंट बोटांवर मोजण्याइतके.

“तिथून घरी येतील ना हो?” सुताराच्या बायकोनं विचारलं.

बाईंनी वही माझ्यापुढे धरली. “सिस्टर, हे बघा. रोज नऊ वाजता अडतीस. अकराला बावीस. आणि रविवारी नऊलाच एकवीस! रविवारी काय नसतं?”

“राऊंड,” मी म्हटलं आणि जीभ चावली. परीक्षा नऊच्या राऊंडमध्येच, सगळे हजर असताना घ्यायची, हा नियम माझा. दहा-बारा जण खाटेला वेढा घालून टक लावून बघणार, मग धडधाकट माणसालाही धाप लागेल. बाईंनी मोठ्या डॉक्टरांकडे गर्दीशिवाय आणखी एक परीक्षा मागितली.

“दुपारी चारपर्यंत वेळ देतो,” मोठे डॉक्टर म्हणाले. “नाही जमलं तर माझं ऐकायचं.”

“आणि जमलं तर?”

“तर यापुढे मी तुमचं ऐकेन.”

दोन वाजता पडदा ओढला आणि मशीनचा जोर कमी केला. आत सुतार, त्याच्याशी बोलत बसलेली बायको आणि स्टुलावर बाई. पडद्याबाहेर पहाऱ्याला मी. मोठे डॉक्टर डोकवायला आले, त्यांनाही पिटाळलं.

“चोवीस,” आतून बाईंचा आवाज. थोड्या वेळानं “सव्वीस.” मग “एकतीस,” आणि बायको बोलायची थांबली.

“बोला ताई, थांबू नका.”

“अहो, शेजारच्यांचं दार अजून घासतंय,” ती घाईघाईनं म्हणाली. “रोज विचारतात, कधी येणार म्हणून. मी काय सांगू त्यांना?”

“सत्तावीस,” बाई म्हणाल्या. मग “तेवीस.”

साडेतीनला नळी काढली. तो खोकला, एक लांब श्वास ओढला आणि बाईंकडे बघत घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मॅडम, हे स्टूल डुगडुगतंय. किती दिवस बघतोय मी!”

बाई पोट धरून हसल्या. मी भर वॉर्डात रडले, आणि त्याची मला लाज नाही. नऊचा नियम त्याच संध्याकाळी खोडला.

आज तिथं अठरा खाटा आहेत, बाई विभागप्रमुख आहेत आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं गावोगावी वह्या घेऊन फिरतात. पण मला आठवतो तो दोन महिन्यांनंतरचा दिवस. सुतार हत्यारांची पिशवी खांद्याला लावून दोन जिने चढून आला. स्टुलाचा पाय ठोकून बसवला, मोठ्या डॉक्टरांदेखत त्यावर बाईंना बसवलं आणि स्वतः शर्टाचं बटण काढून समोर उभा राहिला. “आता मोजा!”

बाईंनी हात ठेवला. पूर्ण मिनिट मोजलं.

“अठरा.”

वहीत तो आकडा मी माझ्या हातानं लिहिला.